दगडाची सवत

प्रिय दादा,

‘माझी सवत दगडाची आहे म्हणून मी गप्प,’ असं आई घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत म्हणायची, आठवतं? बाबा चावी द्यायला वर जायचे आणि भाजी आणायची राहून जायची. तुला नमस्कार, वहिनीला जरा जास्त वाकून (बाबांचं तुमच्याकडे यायचं तिकीट तिनेच काढलंय ना). तुझं बीपी जागेवर असेल तरच पुढे वाच.

बाबांना खुर्चीत घालून खाली आणलं हे तुला कळलंच. आधीचं कोणी सांगितलं नसेल. सोमवारी दुपारी बाराचे टोले सुरू झाले ते थांबेचनात. आपल्या गावाचा मनगटावर विश्वास नाही (मनोरा चुकला तर लोक हातातलं घड्याळ बदलतात). शाळेच्या शिपायाने वीसपर्यंत मोजून, फारच उशीर झाला म्हणत पोरं घरी सोडली. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाला अर्ध्या मिशीवर जेवायला धाडलं. नगरपालिकेचा नवा माणूस रजेवर, म्हणून निवृत्त बाबा सुजलेले गुडघे घेऊन निघाले. मला पुढे होऊ देईनात. ‘ती परक्याचं ऐकत नाही,’ म्हणे (मी परकी? सवतीच्या नात्याने माझीही कोणीतरी लागतेच की). मी मागून उशी घेऊन. हातोडा आणि घंटेच्या मध्ये ती बांधली, तसे टोले सर्दी झाल्यासारखे धप्प धप्प पडू लागले. मग बाबा बिघडलेला खटका बसवून तिथेच बसले. उतरायला गुडघे तयार नव्हते. अग्निशमनवाल्यांनी खुर्ची आणली. चौकात अख्खं गाव जमलेलं. फुलवाली काळजीने विचारत होती, ‘फार दुखलंय का हो?’ बाबांचं नव्हे, घंटेचं. बाबा नवरदेवासारखे हात हलवत उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘गाठ हिने मारली. माझ्याच्याने बसेना.’ दादा, माझी मान अजून ताठ आहे.

तेव्हा त्यांना तिकडे न्यायचं मनातून काढ. ते इथून हलायचे नाहीत.

तुझी धाकटी

ता. क. शेवटची ओळ खोटी आहे. बाबांनी बॅग केव्हाच भरलीय. ‘नातवंडांत राहीन, जिने पुरे झाले,’ म्हणतात. नव्या माणसाने मनोरा नको म्हटलं, म्हणून काम आता माझ्याकडे आलंय. मी चावी देऊन घरी येते आणि बाबा खिडकीतून म्हणतात, ‘आज घाई केलीस.’ असं म्हणणारं कोणी नसेल, तर खाली तरी कशाला यायचं?

आणखी एक. तिकीट पुढे ढकलशील? तू ‘नाही’च म्हणणार, आणि वहिनी तर तुझ्याआधी. तरी विचारते.