डाव्या पायाला काम नाही

शनिवार, ३

आज सकाळी साडेदहाला शोरूममध्ये सही केली. लाल गाडी, सगळ्यात वरचं मॉडेल, छताला काच, भला मोठा स्क्रीन, पेट्रोल – आणि हाताने टाकायचे गिअर. सही करताना एकदाही थांबलो नाही. थांबायला हवं होतं.

नीट लिहितो. या वहीत तरी लपवाछपवी नको.

शोरूममधल्या मुलीने कागदावर दोन रकाने पाडले. एकच गाडी, किंमतही जवळपास एकच. एका रकान्यात सगळा थाट, पण गिअर हाताने. दुसऱ्यात मधलं मॉडेल – छत साधं, सीट कापडी, स्क्रीन पाटीपेक्षा लहान – पण ऑटोमॅटिक. डिझेल तिनेच खोडलं. "तुमचं एवढं फिरणं नाही, काका." गॅसवाली मी खोडली, डिकी सगळी टाकीनेच खाल्लेली. राहिल्या दोन.

मग ऑटोमॅटिकवर बोट ठेवून ती सहज म्हणाली, "यात डाव्या पायाला काही कामच नाही."

मला दादा आठवला. त्याच क्षणी! नंतर नाही, घरी येऊन नाही. आठवला, आणि तरी मी पहिल्या रकान्याखाली सही केली.

रविवार, ४

दादाकडे गेलो. माझा हा थोरला भाऊ बावीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवायचा. सहा वर्षांपूर्वी स्ट्रेचर उतरवताना जिन्यात पडला. डावा गुडघा गेला, आता वाकतच नाही. गुडघा वाकल्याशिवाय क्लच दाबायचा कसा? तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही.

"ठरली का गाडी?" त्याने दारातच विचारलं. मग काठीकडे बघत म्हणाला, "ऑटोमॅटिक असते ना हल्ली…"

मागायची सवय नाही त्याला.

मी म्हणालो, "या गाडीत ती येतच नाही, दादा. कंपनी काढत नाही."

"हां. मग काय करणार."

काठीच्या टोकाची रबरी टोपी त्याने दाबून बसवली. ती नीटच बसलेली होती.

सोमवार, ५

सकाळी देवापुढे हात जोडले. शब्द सगळे बरोबर म्हटले. पोचला एकही नाही.

मंगळवार, ६

कारखान्यात मी पेढे वाटावेत असा आग्रह. चष्म्याच्या काचा घासता घासता सगळ्यांची माझी गाडी चालवून झाली! आमचा ज्ञानकोश (सगळं माहीत असतं म्हणून हे नाव) म्हणाला, "वरचं मॉडेल घेतलंस? वा! छप्पर उघडलं की राजा!"

"वर्षातून दोनदा उघडेल ते," पॉलिशवाली मावशी म्हणाली. "बाकी दिवस पुसायलाच."

सगळे हसले. मीही. एका काचेचा काठ जास्त घासला गेला. फुकट गेली. सत्तावीस वर्षांत अशा चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

गुरुवार, ८

का केलं? छतासाठी नाही. छताचं मला काय!

दादाने आठवीत शाळा सोडली, म्हणून मी गावच्या शाळेतून पुढे शिकलो. गाडीही त्यानेच शिकवली, मोकळ्या मैदानात. "क्लचवरचा पाय काढ! भाड्याने दिलायस का तिथे?" कुठेही जायचं तर तो चालवणार, मी शेजारी. त्याच्या हातात गाडी पाण्यासारखी जायची. माझ्या हातात ती उचक्या देते, अजूनही.

मला एकदा असं हवं होतं, की गाडी मी चालवतोय, दादा शेजारी बसलाय, आणि त्याला इच्छा असूनही चालवता येत नाही.

लिहिलं. खोडणार नाही.

शनिवार, १०

वहिनी कारखान्यात आली. दादाचा चष्मा आणि नव्या नंबरची चिठ्ठी घेऊन.

"काचा लवकर करा हं, भावोजी. लायसन्सच्या डॉक्टरकडे जायचंय. मुदत संपतेय."

"लायसन्स? कशाला?"

"मीही तेच म्हटलं. म्हणे ऑटोमॅटिकपुरतं मिळतं, असू दे. गाडी नाही, घोडा नाही, लायसन्स मात्र हवं!" मग आवाज बारीक करून म्हणाली, "दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसतात. आणि उजवा पाय हलवतात – जरा इकडे, जरा तिकडे. विचारलं तर म्हणे व्यायाम."

एकीकडे ब्रेक, एकीकडे ॲक्सिलरेटर. वहिनीला कळलं नव्हतं. मला कळलं.

काचा मीच घासल्या. लांबचं दिसण्याच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवार, १२

अर्धी सुट्टी टाकून शोरूममध्ये गेलो. "मधलं मॉडेल द्या. ऑटोमॅटिक."

मुलीने डोळे मोठे केले. "काका, लोक खालून वर जातात, तुम्ही वरून खाली! आणि यात लाल रंग नाही. पांढरा चालेल?"

ॲम्ब्युलन्सचा रंग. चालेल म्हणालो.

घरी सांगितलं. लेकीचा चेहरा पडला. "बाबा, छत?"

"खिडकीतून बघ आभाळ. तेच आहे."

बायको हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. मग मी हिला सगळं सांगितलं, पहिल्या सहीपासूनचं.

मंगळवार, १३

आज खरं सांगायचं ठरवून दादाकडे गेलो. पायरीवर तीनदा वाक्य घोकलं. आणि तोंडातून काय निघालं? "दादा, कंपनीने याच गाडीत ऑटोमॅटिक काढली. नवीनच. तीच घेतोय."

दादाने चष्मा काढला. डोळे मिटले, हात जोडले.

"रोज मागत होतो रे," म्हणाला. "कुणाला बोललो नाही. ऐकलं त्याने."

मी चहा न घेताच निघालो.

शुक्रवार, १६

दादा भेटेल त्याला सांगतोय. औषधवाल्याला म्हणाला, "आम्हा लंगड्यांसाठी देवाने कंपनीला कामाला लावलं!" औषधवाला हसला, दादाही हसला. मी बाजूला गोळ्यांची पिशवी धरून उभा.

आधी खोटं माझ्याजवळ होतं. आता दादाने ते हात जोडून देवाजवळ नेऊन ठेवलंय. रोज त्याबद्दल आभार मानतोय!

हिला म्हटलं, सांगून टाकतो. ही म्हणाली, "सहा वर्षांनी माणूस हसतोय. तुमचं मन हलकं करायला त्याचं कशाला जड करता?"

तिचं बरोबर आहे. म्हणूनच झोंबलं.

बुधवार, २१

दादाला लायसन्स मिळालं. फोटोत नवा चष्मा आहे.

सांगितलं नाही.

शनिवार, २४

उद्या गाडी मिळणार. आज देवापुढे उभा राहिलो, पण काही मागितलं नाही. क्षमासुद्धा नाही. ती आधी दादाकडे मागायची आहे. तिकडे न जाता इथे रांग लावून उपयोग नाही.

रविवार, २५

सांगितलं.

शोरूमच्या अंगणात, मुलीने माझ्या हातात चावी दिल्यावर. दादा न सांगताच फिरून शेजारच्या सीटच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. आमच्या मध्ये गाडीचं पांढरं छत. म्हणालो, "ऑटोमॅटिक पहिल्यापासून होती. मला माहीत होतं. तू चालवू नयेस असं वाटलं म्हणून खोटं बोललो. देवाने काही नवीन काढलेलं नाही."

दादा छतावर हात ठेवून उभा राहिला. एका बोटाने धूळ पुसली. नव्या गाडीवर कुठली धूळ!

मग म्हणाला, "मी गाडी मागतच नव्हतो. तू एकदा 'दादा, चालव' म्हणावंस, एवढंच मागत होतो. ते अजून म्हणाला नाहीस."

खरंच की. एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

मी वळसा घालून त्याच्याकडे गेलो. चावी पुढे केली. "दादा, चालव."

त्याने चावी घेतली, काठी टेकत स्टिअरिंगच्या बाजूला गेला. सीट मागे सरकवली, ताठ पाय आत घेतला, आरसा नीट केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्टा लाव."