संपली म्हणून सांगितलेली मालिका

माय,

काल रविवारी दुपारी लेकीने टीव्हीवर एक सिनेमा लावून दिला. हल्लीच्या या सिनेमांत माणसं फार बोलत नाहीत. एक म्हातारा खिडकीशी बसतो, बाहेर बघतो, त्याचा चहा गार होतो, आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं. लेकीला असलं आवडतं. मला विचारशील तर निम्मा बरा वाटला, उरलेला निम्मा मी कुकरकडे कान देऊन काढला. पण मधेच तो म्हातारा उठला, त्याने कपाट उघडलं, बायकोचं लुगडं बाहेर काढलं, जरा वेळ हातात धरलं आणि परत घडीवर ठेवलं. शब्द एक नाही. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "आते त्यानी लुगडं काढं. हातमा धरी राहिना." लेक वळून माझ्याकडे बघत राहिली. "आई, कोणाला सांगतेस?" मी म्हटलं, कोणाला नाही. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली, पण सिनेमा पुढे माझ्या डोक्यात शिरला नाही.

हे पहिल्यांदा झालं नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि पडद्यावरची माणसं गप्प झाली की अजून मला तुझा आवाज येतो, "आते काय व्हयनं वं?" म्हणून मला आता बडबडे सिनेमे बरे वाटतात. लोक हसतात, म्हणतात तुला चांगलं-वाईट काही कळत नाही. खून शोधून काढण्याच्या मालिका मी सोडूनच दिल्या. त्यांत सगळे अंधारात कुजबुजतात, पोलीससुद्धा घरात दिवा लावत नाही, आणि शेवटी खुनी तोच निघतो जो पहिल्या भागात सगळ्यांना पाणी आणून देत होता. भुताचा एक पाहिला. त्यात मेलेली आई केस मोकळे सोडून माळ्यावरून खाली येते. लेक उशी तोंडावर धरून किंचाळली, मी मात्र बसून राहिले. मेलेली आई अशी येतच नाही. एका सिनेमात आपल्याकडचं गाव दाखवलं होतं. शेतं खरी होती, ऊनही आपलंच होतं, पण अख्ख्या सिनेमात एक माणूस ‘आहे’ला ‘शे’ म्हणाला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, या बठ्ठा पाव्हणा शेतस.

सिनेमा सांगावा तर तूच. दोंडाईच्याला मिरचीच्या गोदामात तू देठं खुडायला जायचीस तेव्हा सुट्टीत मी तुझ्याबरोबर येऊन बसायचे. तोंडाला पदर गुंडाळलेल्या वीस-पंचवीस बायका, मधोमध लाल ढीग, आणि खोकला. महिन्यातून एखादा रविवार तू टॉकीजला जायचीस, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत तो एक सिनेमा बायकांना पुरायचा. कुणी कोणत्या रंगाचं नेसलं होतं, दार कुठल्या हाताला होतं, सगळं सांगायचीस. एका सिनेमात धाकटी बहीण शेवटी तापाने मरते. एक बाई हात थांबवून म्हणाली, "तू तिले जित्ती ठेव ना वं. आमले काय समजनार शे?" तू खुडता खुडताच म्हणालीस, "जे दखं तेच सांगसू. आपला मननं टाकानं नही." ती बाई रडली, पण तू तिला मरू दिलंस. आणि मी एकदा शेजारच्या पोरींना सिनेमा सांगताना मनाने एक मारामारी घुसडली, तर तू सगळ्यांसमोर माझा कान धरलास. "दखं नही ते कसाले सांगी राहिनी?" कान दोन दिवस दुखत होता.

मग साखरेनं तुझे डोळे नेले. तू जळगावला माझ्याकडे आलीस. जावयाच्या घरी राहायचं म्हणून पहिले काही महिने तू कॉटच्या कडेलाच बसायचीस, पूर्ण टेकत नव्हतीस. मग ती साडेसातची मालिका सुरू झाली. बापाशी भांडून घर सोडलेली पोर, ती शहरात धुणी-भांडी करते आणि रोज परत जायचं ठरवते, आणि रोज काहीतरी आडवं येतं. मी शाळेच्या ऑफिसातून यायचे, भाजी घेऊन तुझ्या शेजारी बसायचे, निवडता निवडता तुला सांगायचे. आते ती दारशी उभी शे. आते तिना बाप उठना. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचीस, आणि कुणी बोललं नाही की बोटं दाबायचीस, म्हणजे सांग. मी चांगलं सांगायचे. तू एकदा म्हणालीसही, "गोदाममा ऱ्हातीस तर बायका तुले सोडत्या नहीत." नोकरी लागली तेव्हासुद्धा तू माझं असं कौतुक केलं नव्हतंस.

मालिकेला दोन वर्षं झाली, तरी ती पोर काही घरी पोचेना. लेकीची दहावी आली. शाळेत तपासणी होती, मी फायली घरी आणत होते. आणि तू रोज साडेसातला हाक मारायचीस. त्या संध्याकाळी टीव्ही बंदच होता. तू विचारलंस, "लागनी का वं?" आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या म्हणाले, संपली, माय. काल शेवटचा भाग झाला.

मग विचारलंस, "मंग ती पोर घर ऊनी का?"

मी म्हणाले, "हो, आली. बापाने स्वतः दार उघडलं. तिला जवळ घेतलं. सगळे रडले, आणि मग सगळे एकत्र जेवायला बसले."

"बठ्ठा?"

"सगळे."

"चांगलं व्हयनं," तू म्हणालीस आणि पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड केलंस. दोन वर्षं मी तुला सगळं आपल्या बोलीत सांगत आले होते. तो शेवट मात्र ऑफिसच्या मराठीत सांगितला. मला ते तेव्हा कळलं नाही. तुला तिथेच कळलं असेल.

त्यानंतर तू मला कधीच काही सांगायला लावलं नाहीस. संध्याकाळी म्हणायचीस, जरा शेजारच्या अक्कांकडे बसून येते, घरात गुदमरतं. गॅलरीच्या भिंतीला हात लावत लावत तू त्यांच्या दारापर्यंत जायचीस. मी दारातून बघायचे, तू नीट पोचलीस की आत वळायचे, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटायचं. आठ महिने तू अशी गेलीस. मग ती पायाची जखम झाली, दवाखाना झाला, आणि पुढचं तुला माहीत आहे.

तेराव्याला अक्का माझ्याजवळ बसल्या. सहज बोलत होत्या. "आता साडेसातला घर खायला उठतं गं. त्यांच्याशिवाय ती मालिका बघवत नाही." मी विचारलं, कुठली मालिका? त्या म्हणाल्या, "तीच की, त्या पोरीची. उंबऱ्याशी बसायच्या. मला फार त्रास नाही दिला कधी, कुणी बोललं नाही की तेवढं विचारायच्या." माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. त्या पुढे म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं होतं, मुलीला सांगा ना घरी लावायला. तर म्हणाल्या, ती दमी जास. तिले काही सांगू नका."

तू जिचा कान धरला होतास, तिने तुला डोळे नसताना खोटं दाखवलं, आणि तू आठ महिने तिच्या हातचं जेवलीस, तिच्याकडून केस विंचरून घेतलेस आणि एकदाही बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी भांडले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला असता. तू मला ते करू दिलं नाहीस. यासाठी कधी कधी मला तुझा राग येतो, माय. हेही तुला आज पहिल्यांदाच सांगते आहे.

गेल्या महिन्यात लेकीने दाखवलं की ती जुनी मालिका आता मोबाईलवर सगळी बघता येते. मी त्या आठ महिन्यांतले भाग शोधले. रोज ऑफिसातून आले की एक लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे, तू अक्कांच्या उंबऱ्याशी ऐकलेस तसे. बांगड्या वाजतात. दार वाजतं. कुणीतरी जिना चढतं. मग नुसतं संगीत, खूप वेळ, आणि त्यात कोण रडतं आहे, कोण कुणाकडे बघतं आहे, काही कळत नाही. माझा हात आपोआप शेजारी चाचपडायला लागला आणि तिथे चादर होती. पाचव्या भागात मला इतकी भीती वाटली की मी डोळे उघडले. शेवटचा भागही पाहिला. ती पोर घरी येतच नाही. बाप शहरात तिला भेटायला जातो, दोघं बसस्टँडवर उभे राहतात आणि मालिका संपते. मला विचारशील तर शेवट बरा होता, घाईचा नव्हता. तुला तो आवडला असता. तू तो गोदामात आठवडाभर सांगितला असतास.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक शेवटचं लिहून टाकते. लेकीने मागे विचारलं होतं, आजीला संपली असं का सांगितलंस. मी तिला सांगितलं, त्या दिवसांत मालिकेत त्या पोरीची आई आजारी पडून मरणार होती, ते आजीला ऐकवायला नको वाटलं. तिने मला मिठी मारली. तुझ्या जावयालाही मी तेच सांगितलं आहे, आणि इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता पुढचेही भाग चाळून बघितले. त्या पोरीची आई मरते ती तू गेल्यावर कितीतरी दिवसांनी. त्या संध्याकाळी मालिकेत काहीच नव्हतं, माय. मला फक्त कंटाळा आला होता. लेकीला मी हे अजून सांगितलेलं नाही.