एकेचाळीस सह्या

प्रिय छोट्या,

हे पत्र संस्थेच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. उद्या सकाळी ते तुम्हाला आणायला येतील. गाडीत बसायच्या आधी, घरातच हे वाच, बाकीची कामं नंतर. मोबाइलवर लिहिलं असतं तर पहिल्या दोन ओळी वाचून तू मला अंगठा पाठवला असतास आणि मोकळा झाला असतास. फोन तर मागच्या आठवड्यात केलाच होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

इथे तुझ्या कौतुकाची नुसती धांदल आहे. दोन वर्षं गळणारा आवारातला नळ काल एका दिवसात दुरुस्त झाला. खुर्च्या आल्या, माइक आला, तुझ्या नावाची पाटी आली आणि तिच्यात तुझी पदवी चुकली म्हणून परतही गेली. गुरुवारचा बेत असा आहे: चिमणीला कडेवर घेऊन तू शिडीने काडाच्या गंजीवर चढायचं, वर बापलेकीचा फोटो, मग खाली उतरून लोडरने पहिला गठ्ठा तूच ओढायचा आणि तो पट्ट्यावरून वीजघराच्या भट्टीत जायचा. चिमणीसाठी छोटं पिवळं हेल्मेट आणलंय. ते माझ्याच टेबलावर ठेवलंय आणि सकाळपासून मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे.

तू सात वर्षांचा असताना आईचं शिवणयंत्र खोललं होतंस, आठवतं? दोरा उगाच जास्त खातं म्हणे! परत जोडल्यावर चार स्क्रू उरले आणि बोलणी मी खाल्ली. पण यंत्र त्यानंतर खरंच कमी दोरा खायला लागलं, हेही कबूल केलं पाहिजे. तेव्हापासून तू कशाला हात घातलास की मी मनातून निर्धास्त असायची. सगळे म्हणत होते, कापणीनंतरचं काड वाळल्याशिवाय बांधू नये, ओला गठ्ठा आतून तापतो. तू म्हणालास, इतका घट्ट दाबतो की आत हवाच उरणार नाही, मग तापेल कसा? वाळायची वाट बघण्यात पेरणी लांबते, म्हणून लोक काड शेतातच जाळून टाकतात. ते थांबेल, वर वीज मिळेल. या एका गोष्टीसाठी पंधरा वर्षं घातलीस. पहिले सहाशे ओले गठ्ठे तुझ्या यंत्रातून निघाले तेव्हा मी साहेबांसमोरच रडले होते, वेड्यासारखी.

मग गंजी रचली आणि तिची राखण माझ्याकडे आली. रोज सकाळी दोन मीटरची लोखंडी सळई गठ्ठ्यांत खुपसायची, टोकाला तापमापक, पाच मिनिटं थांबायचं, आकडा वहीत लिहायचा, खाली सही. बावीस वर्षं मी हेच करते आहे, झोपेतसुद्धा करू शकेन. पहिल्या आठवड्यात आकडा चोपन्न अंशांपर्यंत चढला, तेव्हा तू रोज दोनदा फोन करायचास. मग तो उतरायला लागला. पन्नास, सेहेचाळीस, एकोणचाळीस. ताई, तुझ्या आकड्यांनी मला तारलं, असं म्हणालास. तुझा अहवाल त्याच आकड्यांवर उभा आहे. गुरुवारचा मंडपही.

पण दोन आठवड्यांपूर्वी मला गंजीपाशी वास यायला लागला. कुजल्याचा नाही रे, कुजल्याचा मी ओळखते. गोडसर, कढईच्या तळाला साखर लागल्यासारखा. मग वरच्या ताडपत्रीला सकाळी आतून पाणी धरलेलं दिसलं. मग ताडपत्री मधोमध खाली बसली, आधी वीतभर, आता कमरेइतकी. तिच्यावर कुणीही चढलेलं नाही आणि वारंही नव्हतं. वरून एवढी खाली बसते म्हणजे आतलं काड गेलंय कुठे, हा प्रश्न मी चार दिवस स्वतःला विचारला नाही. साहेबांना विचारला, तर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. एकोणचाळीस, आणि खाली तुमचीच सही, बाई. तुला फोन केला तर तू हसलास. ताई, काड आहे, वास यायचाच, आकडा काय म्हणतोय ते सांग. मी आकडा सांगितला. तू म्हणालास, झालं तर मग.

आता जे लिहायचं त्यासाठी तीन कागद फाडून झाले. छोट्या, माझा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धड उचलत नाही. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले, आणि तुम्हा सगळ्यांना सांगितलं की हौस आली. संस्थेत कळलं असतं तर मला टेबलावरच्या कामाला बसवलं असतं. तुझ्या गंजीवर दुसऱ्याचा हात पडला असता, ते मला नको होतं. जुने गठ्ठे ढिले असायचे, सळई कशीबशी जायची. तुझ्या यंत्राचे गठ्ठे म्हणजे भिंत! आठवडाभर दातओठ खाऊन नवी भोकं पाडली. आठव्या दिवशी आदल्या दिवसाच्याच भोकात सळई घातली, लोण्यासारखी आत गेली. नवव्या दिवशीही तेच. त्यानंतर नवं भोक पाडलंच नाही. नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी शिकवते, की भोक रोज नवं हवं, जुन्यातून वारा खेळतो आणि तेवढीच जागा गार होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तो उतरणारा आकडा गंजीचा नव्हताच, भोकाचा होता.

आज मंगळवार. सकाळी जुन्या भोकापासून हातभर अंतरावर सळई टेकवली आणि अंगाचा सगळा भार टाकून आत घातली. दोनदा बसकण मारली, पण घातली. मधेच तिला होणारा अडसर एकदम संपला, जणू पुढे काही नाहीच. अठ्ठ्याऐंशी. तीच सळई उपसून पाहिली तर टोकाला काळी भुकटी होती. पुन्हा आत सारली आणि तशीच राहू दिली. साहेब म्हणाले, तापमापक बिघडलाय, कालच्या जागेचा आकडा लिहा, पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत. मी लिहिला. एकेचाळिसावी सही तीच.

साहेबांना मी फक्त आजचा आकडा सांगितला, खांद्याचं नाही. ते सांगितलं तर वही खोटी ठरेल आणि गुरुवार थांबेल, पण तुझी पंधरा वर्षंही त्याच क्षणी संपतील. म्हणून आधी तुला सांगते आहे. हे पत्र काकांना दिलं की मी सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन खांद्याचंही सांगणार. मी तुला ओळखते. हे ऐकून तू पहिली माझी बाजू घेशील, ताईचे आकडे चुकणं शक्य नाही म्हणशील, आणि ते पटवायला सगळ्यांदेखत गंजीवर चढशील. नको चढूस. वर कवच आहे आणि खाली निखाऱ्यांची पोकळी, माणसाचं वजन ती पेलणार नाही. गठ्ठा ओढलास तर आत हवा जाईल आणि सगळं एकदम पेटेल. माझ्यावर ओरड, वाटेल ते बोल, जन्मभर बोलू नकोस हवं तर. पण चिमणीला घरीच ठेवून ये, आणि आल्यावर चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांग की तुझी ताई खोटं लिहीत होती. तू सांगितलंस तरच साहेब मानतील. आत्ता जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सळईवरचा आकडा बघून आले. चौऱ्याण्णव आहे.

तुझीच,
ताई