परीक्षकाच्या खुर्चीतले अण्णा

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून कुणी ना कुणी भेटतं आणि तुमच्या सचोटीची गोष्ट मलाच ऐकवतं. परवा मुलुंडच्या बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवलं. म्हणाले, असा माणूस पुन्हा होणे नाही, पोटच्या मुलीलाही त्याने गुण कमी दिले. मी मान हलवली आणि भाजीवालीकडे वळले. मला त्या गोष्टीची शिसारी येते. तुम्ही होतात तेव्हा हे तोंडावर सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

मी तेव्हा अकरावीत. क्लबमागच्या सिमेंटच्या रिंकवर आम्ही सहाजणी रोज सकाळी चार चाकांचे स्केट्स बुटांना पट्ट्यांनी आवळून सराव करायचो. शिकवायला सर होते. तुम्ही ऑफिसला जाण्याआधी कडेला उभे राहून फक्त चुका मोजायचात. स्वतः कधी धड दोन फेऱ्या मारल्या नाहीत, पण नियमांचं पुस्तक पाठ होतं, आणि पाठांतराचा रुबाब तर विचारूच नका. आमच्यातली खरी खेळाडू होती ती भांडुपच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासळी विकायची, आणि क्लबातल्या काही बायका ती जवळून गेली की नाकाला पदर लावायच्या. पण तिच्यावाचून आमचं चाक फिरत नसे. सहाजणी हात धरून एका रेषेत गरगर फिरायचो, मधोमध ती, आणि तिच्या मनगटांच्या जोरावर आम्ही बाकीच्या. मी हलकी, म्हणून सगळ्यात बाहेरच्या टोकाला. एका सरकारी खात्यातल्या साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं की दिल्लीच्या स्पर्धेत खेळलीस तर खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळेल. दिल्लीला जायचं तर घाटकोपरची संघांची स्पर्धा जिंकायला हवी होती. हे तुम्हाला ठाऊक होतं. तिने आपल्याकडे येऊन, स्वयंपाकघरात पाटावर बसून, माझ्या आईच्या हातचे पोहे खाता खाता तुमच्यासमोरच सांगितलं होतं.

घाटकोपरचा एक परीक्षक आयत्या वेळी आजारी पडला आणि आयोजक तुमच्याकडे आले. आई म्हणाली, पोर खेळतेय, तुम्ही कशाला बसता? "म्हणूनच बसायचं," तुम्ही म्हणालात. नाही म्हणणं किती सोपं होतं, अण्णा. मुलगी संघात आहे, दुसरा कुणी बघा, एवढंच. पण मग छातीवर निळ्या रिबिनीचं फूल कसं लागलं असतं? कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून तुम्ही आरशासमोर ते फूल तीनदा सरळ केलंत. मी मागे उभी राहून बघत होते.

आमचा संघ शेवटचा. कर्ण्यातून रेकॉर्ड वाजते, आईने शिवलेले साटीनचे पिवळे फ्रॉक वाऱ्याने फुगतात, आणि चाक फिरायला लागतं. सगळ्या एका पायावर, मध्ये ती दात आवळून. माझ्या टोकाला इतका वेग की माणसांचे चेहरे पुसट होतात, फक्त फेरीगणिक तुमची खुर्ची समोरून जाते. संगीत थांबलं तेव्हा ती हसत होती. आम्ही जिंकलो असंच सगळ्यांना वाटलं. पाट्या वर झाल्या. आठ, आठ, नऊ, आठ. मग तुमची, सहा. बोरिवलीचा संघ एका गुणाने पुढे गेला. लोक कुजबुजायला लागले, तेव्हा कर्ण्यावरच्या माणसाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की सहा देणारे परीक्षक या संघातल्याच एका मुलीचे वडील आहेत. आणि टाळ्या पडल्या. आमच्यासाठी कुणी एवढ्या वाजवल्या नव्हत्या. तुम्ही उठून हात जोडलेत. ती खाली बसून स्केट्सच्या पट्ट्या सोडत होती. वर न बघता मला म्हणाली, "चल."

घरी आल्यावर मी विचारलं, सहा का दिलेत?

"परीक्षकाच्या खुर्चीत बसलो की मी कुणाचा बाप नसतो," तुम्ही म्हणालात.

हे वाक्य तुम्हाला इतकं आवडलं की त्या आठवड्यात चाळीत प्रत्येकाला ऐकवलंत. क्लबाने शाल-नारळ देऊन सत्कार केला. आई भांडी घासत होती. ती फक्त म्हणाली, "त्या पोरीचं काय ते बोला. शाल काय, ट्रंकेत ठेवते." तुम्ही त्या पोरीचं काहीच बोलला नाहीत. मी तुमच्या पाठीकडे बघून ठरवलं की या माणसाला आपण कधी मान द्यायचा नाही. तुम्ही म्हणाल ते करत गेले, वाकून नमस्कारही केले, पण आतून तुम्हाला एका पांढऱ्या पँटीपलीकडे कधी मोजलं नाही.

ती पुढे तिच्या आईच्या जागी बाजारात मासळी विकायला बसली. लग्नानंतर मी तिच्याकडूनच बोंबील घ्यायचे. एकदा मीच विषय काढला. ती बोंबील कापत म्हणाली, "तुझा बाप सरळ माणूस होता गं. आम्ही त्याच्या वाटेत आलो, त्याला तो काय करणार?" मग वर दोन बोंबील जास्त टाकले. मी ते घेतले.

अण्णा, शेवटच्या वळणावर माझा वर उचललेला पाय सिमेंटला लागला होता. बुटाचं नुसतं टोक, क्षणभर. बाकी चौघा परीक्षकांच्या बाजूने ते दिसणं शक्य नव्हतं. टेकलेल्या पायाचे दोन गुण जातात, हा नियम तुम्हीच मला शिकवला होता. मी हे तिला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुम्ही पाहिलं होतंत का, की नुसत्या टाळ्यांसाठी सहा दिलेत, हे मला माहीत नाही. पाहिलं असेल, तर पाय माझा टेकला हे तुम्ही चारचौघांत कधीच म्हणाला नाहीत. शेवटच्या आजारात तुम्ही तीन महिने अंथरुणावर होतात, बोलणं स्वच्छ होतं, आणि दुपारभर खोलीत आपण दोघंच असायचो. मी रोज तुम्हाला पेपर वाचून दाखवला. विचारलं नाही.