कासारांचे दुकान, संघाची भांडी आणि ‘धनी’ हा शब्द

मी, केदारी सटवाजी कासार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार हुबळी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, डोके शाबूत आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आयुष्याबद्दल माझी मोठीशी तक्रार नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी कृष्णाबाई हिला मिळावी. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घ्या, असे ती वीस वर्षे सांगत आहे. आता तिने ती खुशाल करून घ्यावी.

२. धाकटा भाऊ मुकुंदराव याने माझा रेडिओ १९६८ साली ‘चार दिवसांसाठी’ म्हणून गडहिंग्लजला नेला. तो परत मागू नये. मात्र नेल्याची आठवण त्याला दरवर्षी द्यावी.

३. लॅमिंग्टन रोडमागील आमच्या गल्लीचा व्यापारी संघ बहात्तरच्या दुष्काळात निघाला. खेड्यांतून आलेल्या लोकांसाठी गल्लीने अंबील शिजवली. मोठी पातेली माझ्या दुकानातली, धान्य पद्मनाभअण्णा उपाध्ये यांच्या दुकानातले. पाऊस झाला, माणसे गावी परतली, पातेली राहिली. त्यांवर मी छिन्नीने ‘संघ’ असे नाव घातले. तेव्हापासून गल्लीत लग्न असो की दिवसकार्य, भांडी संघाची. भाडे नाही, फक्त घासून परत करायची. दुकानावरील माडीत ही भांडी असतात व सभाही भरते. ती माडी माझ्या पश्चात संघाची.

४. आता दुकान. संघाची नियमावली मराठीत मी लिहिली, कन्नडमध्ये पद्मनाभअण्णांनी. ‘मत दुकानाच्या धन्यालाच’ असे मी लिहिले, त्यांनी ‘धणी’ लिहिले. शब्द एकच आहे, असे दोघांनाही वाटले.

दुकान माझ्या नावावर, पण सभेत माझ्यातर्फे मत माझा मुलगा शंकर देई. १९७७ साली तो वारला. दुकान सून सुमनने सांभाळले, संघाची भांडीही तिनेच. कुठले पातेले कोणाच्या घरी आहे, हे तिच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. दोन वर्षांनी ती माडीवर सभेला आली आणि दुकानातर्फे मत द्यायचे म्हणाली. मी सर्वांदेखत बोललो, “तुझा धनी गेला, त्याच्याबरोबर मत गेलं.”

अध्यक्ष पद्मनाभअण्णा माझ्याकडे बघतच राहिले. “केदारीअण्णा, आमच्यात धणी म्हंजे मालक. बाई असू दे, गडी असू दे. त्यात नवरा कुठनं आणलात तुम्ही?”

मराठी सभासदांनी माझी बाजू घेतली. सुमन खाली गेली आणि सभेसाठी वर चहा पाठवला. तो मी प्यालो. त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून दुकान, माल व नावे घालण्याची छिन्नी-हातोडी माझ्या पश्चात सुमनच्या एकटीच्या मालकीची व्हावी, असे या कलमात लिहिले होते. मसुदा मी कौतुकाने तिला वाचायला दिला. वाचून ती म्हणाली, “मामंजी, म्हंजे मत मिळायला तुम्ही मरायची वाट बघत बसू काय मी?”

वाक्य खोडले आहे; खोडल्या जागी माझी सही आहे. काल नोंदणी कचेरीत जाऊन, माडी सोडून, दुकानाचे माल व छिन्नी-हातोडीसकट बक्षीसपत्र तिच्या नावे करून दिले, सबब दुकान या मृत्युपत्रात येत नाही. रविवारी संघाची सभा आहे. दुकानाची धनी म्हणून सुमन जाईल. नियमाप्रमाणे मला आता मत नाही.

वाचून पाहिले, लिहिले ते खरे आहे.

(सही) केदारी सटवाजी कासार

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. पद्मनाभ उपाध्ये, धान्याचे व्यापारी (सही कन्नडमध्ये)
२. डॉ. बाळाचार्य कट्टी

हुबळी, मंगळवार, ता. १४ ऑक्टोबर १९८६