पाटीवरचा ‘सहयोगी’

५ नोव्हेंबर
सेलूतल्या ऑफिसची पाटी लागली. नाव, स्थापत्य अभियंता, खाली ‘सहयोगी सदस्य’ आणि अभियंत्यांच्या संघटनेचं नाव. वेबसाइटवर हेच शब्द. बाबा पूर्णेहून आले. पाटीखाली उभे राहिले. ‘‘सहयोगी म्हंजे हेल्परच की गं.’’ रेल्वेत जन्मभर खलाशी होते. चहा घेतला नाही.

९ नोव्हेंबर
देवगाव फाट्याचा एक जण, घराच्या नकाशासाठी. पाटी वाचून म्हणाला, ‘‘मोठे सायब कवा येत्यात?’’ म्हटलं, मीच. ‘‘बरं, येतो मंग.’’
आला नाही.

१४ नोव्हेंबर
समोरच्या ऑफिसातला दे., माझा वर्गमित्र. पूर्ण सदस्यत्वाची मुलाखत त्याचीही बाकी. तरी पाटीवर आजपासून नुसतं ‘सदस्य’, शेजारी संघटनेचं बोधचिन्ह. ‘‘अगं, सेलूत कोण बघायलंय? खोड तो शब्द.’’
बाबांचंही तेच. म्हटलं, रोज बुद्धवंदनेत ‘मुसावादा वेरमणी’ म्हणता, खोटं बोलणार नाही म्हणून.
बाबा म्हणाले, ‘‘ते येगळं.’’

२ डिसेंबर
कापसाच्या जिनिंगवाल्या शेठना सरकीचं मोठं गोदाम बांधायचंय. दे.नं नकाशे दिलेत, मीही. एवढं मोठं काम अजून कधी... शेठ म्हणाले, विचारपूस करून कळवतो. कुणाला विचारणार, ते बोलले नाहीत.

११ डिसेंबर
काम मला.
शेठनी संघटनेकडेच विचारलं होतं. ‘‘मॅडम, त्यांच्याकडं जे हाय तेच तुमच्या पाटीवर. शब्दाला शब्द. समोरच्यांचं जुळंना. पाटीवर वाढवून लिवणारा शिमिट कमीच घालंल.’’
बाबांना फोन. ‘‘सहयोगीला दिलं?’’ सहयोगीलाच. पलीकडे हसणं. कितीतरी दिवसांनी.

१९ डिसेंबर
पायाची आखणी झाली. मी दोरी धरली, दुसरं टोक बाबांनी. सांगितलं नव्हतं.
ऑफिसवर परतलो तर फाट्याचा तो माणूस पायरीवर. ‘‘मोठे सायब?’’
बाबा म्हणाले, ‘‘ह्याच. सहयोगी हायत.’’ आवाज समोरच्या ऑफिसात जाईल एवढा.
दे.ची पाटी सकाळपासून उतरवलेली. भिंतीवर चौकोन.

४ जानेवारी
मुलाखतीचं बोलावणं आलं. झाले पास, तर पाटी बदलावी लागेल.
बाबा फडक्यानं तीच पुसत होते. त्या एका शब्दावरून दोनदा हात. ‘‘ऱ्हाऊ दे की. लोकायला सवय झालीय.’’
म्हटलं, मग तेही खोटंच होईल.
‘‘आधी पास तर हो,’’ म्हणाले. फडकं थांबलं नाही.