पिवळ्या रेघेपलीकडचा पत्रा

टोलेडो, मंगळवार

तीर्थरूप फादर झिगमंटमामांस,

लेऑनचा गुडघे टेकून नमस्कार (माझे गुडघे, तुमचे दुखरे आहेत, ते जपा). आईच्या काढ्याचा काही उपयोग झाला का? तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागद काळा करतोय.

मामा, मी अगदी वैतागलोय. आमच्या कारखान्याच्या गोदामात एक पिवळी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे ओहायो आणि पलीकडे, कस्टमवाल्यांच्या लेखी, परदेश (छप्पर तेच, उंदीर तेच, पण परदेश!). बाहेरून आणलेलं पोलाद पलीकडे आहे तोवर आयात शुल्क नाही. तिथेच टाक्या करून चिलीला धाडल्या तर कधीच नाही. अलीकडे आणलं की मात्र भरा, तेही माल गोदामात आला त्या दिवशीच्या दरानं, मग त्याची टाकी करा नाहीतर चमचा. आमचा धंदा ह्या रेघेवर चालतो आणि तिचा राखणदार मी. नऊ वर्षांत खिळासुद्धा ओलांडू दिला नाही.

आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दुसऱ्या शुक्रवारी तुमच्या चर्चचा, बटाटा भरलेले पिरोगी परतायचा तवा तडकला! चारशे माणसं ताटं घेऊन उभी. मग रेघेपलीकडचा एक जाड पत्रा तुमच्या चुलीवर गेला. पिरोगी काय खरपूस झाले होते, ते राहू द्या.

काल कस्टमच्या प्रुइटबाई पत्रे मोजायला आल्या. एक कमी! म्हटलं, चर्चमध्ये आहे. बाईंनी चष्मा सावरला. "म्हणजे माल उपभोगासाठी देशात आणला?" त्यांच्या फॉर्मवर तसाच शब्द असतो, पण माझं डोकं फिरलं. "पत्र्याचा कसला उपभोग हो बाई? लोकांनी पिरोगी खाल्ले. तुम्हीच बारा खाल्लेत!" त्यांनी सगळं लिहून घेतलं, बारा तेवढे वगळून. आता गुरुवारपर्यंत पत्रा हजर झाला नाही आणि तो कुणी नेला याचा लेखी खुलासा मिळाला नाही, तर रेघच पुसून टाकणार. मग सगळ्या मालावर शुल्क, कारखान्याला कुलूप आणि आम्ही अकराजण घरी. मला रात्रभर भीती वाटत होती, खरंच सांगतो.

तुमचा भाचा,
लेऑन

ता. क. पत्रा उद्याच पाठवा. घासा, पण कोपऱ्यातला नंबर खरवडू नका.

ता. क. दुसरा : लेखी खुलासा मी दिलाय. 'कुणी नेला' ह्या रकान्यात तुमचं नाव आहे. पाद्र्याला कोण पकडणार?

ता. क. तिसरा : पत्रा मीच नेला, हे तुम्हाला माहीतच आहे. तरी हे पत्र माझी पापकबुली समजावी, म्हणजे प्रुइटबाईंनी विचारलं तरी तुम्हाला तोंड उघडता येणार नाही.